पोपटाला अहो म्हणणारे कंपाउंडर

मी एकदा एका आजारी पोपटाला धुरी दिली. तान्ह्या पोराला अंघोळीनंतर देतात तशी, अगदी रीतसर. धुपाटण्यात निखारे घेतले, त्यावर ओवा, लसणीची सालं आणि धूप टाकला, धुपाटणं पिंजऱ्याखाली सरकवलं, वरून माझी शाल पांघरली आणि ‘घे हो बाबा मोकळा श्वास’ म्हणून पडवीत येऊन बसले. पाच मिनिटांनी शाल उचलली तर पोपट दांडीवरून खाली पडलेला, चोच उघडी, डोळे मिटलेले. तेव्हा मी तरुण होते. अवघी एकसष्ट वर्षांची. दोन मुलं आणि तीन नातवंडं याच धुरीवर वाढवल्याचा मला अभिमान होता. त्यांतल्या एकालाही पंख नव्हते, एवढी एक गोष्ट ध्यानात आली नाही.

मग आरडाओरडा केला आणि कंपाउंडरांना फोन लावला. ते पंधरा मिनिटांत स्कूटरवरून आले. उंबऱ्यापाशीच थांबून त्यांनी नाक वर केलं आणि विचारलं, “बाळंतीण खंय आसा गो?”

“बाळंतीण नाही. रावजीला धुरी दिली. त्याला थंडी झाली होती.”

त्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या, पिंजरा उचलून बाहेर पडवीत नेला आणि त्याच्यासमोर उकिडवे बसून पोपटाला म्हणाले, “रावजी, जरा हात लावतंय हां. भियां नकात.” मग माझ्याकडे न बघता, “तू बाजूक हो. उजेड अडवतंस.”

हीच त्यांची पहिली ओळख. जनावराला अहो-जाहो आणि माणसाला अगं-तुगं. कट्टा गावच्या गुरांच्या दवाखान्यात त्यांनी सगळी नोकरी काढली. कागदोपत्री त्यांचं पद काहीतरी वेगळंच होतं, पण दहा गावं त्यांना कंपाउंडर म्हणत आणि निवृत्त झाल्यावरही म्हणतच राहिली. एकदा आमच्या सरपंचांची म्हैस अडली होती. सगळी वाडी गोठ्याशी जमलेली. कंपाउंडर बाह्या सावरत म्हशीला म्हणाले, “बाई, वायच कळ काढा, झालाच आता,” आणि त्याच दमात सरपंचांना, “रे, तू थयसर उभो ऱ्हव नको, तुझा त्वांड बघून ती घाबरता.” सरपंच मुकाट्याने गोठ्याबाहेर गेले. रेडकू झालं तेव्हाच आत आले. कोणीतरी कंपाउंडरांना विचारलं होतं, असं उलटं का बोलता? म्हणाले, “माणसाक राग इलो तर तो तोंडार सांगता. जनावर कोणाक सांगतला?”

आता रावजी कोणाचा ते सांगायला हवं, कारण तो माझा नव्हता. माझा असता तर एवढं काही लिहिण्यासारखं झालंच नसतं. तो माझ्या थोरल्या जावेचा. वादळात माडावरून पडलेलं पिल्लू तिने कापूस आणि पेजेवर वाढवलं होतं. असा पोपट घरात ठेवणं कायद्यात बसत नाही हे तेव्हा वाडीत कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक झालं तेव्हा त्याला उडता येत नव्हतं. अंगणात पाऊल वाजलं की तो ओरडायचा, “कोण ता?” जावेच्याच आवाजात.

मी आणि ती नऊ वर्षं बोलत नव्हतो. कारण माझ्या मुलाच्या लग्नपत्रिकेत तिच्या यजमानांचं नाव चुकून खाली गेलं. चुकून म्हणजे माझ्याकडूनच. घरचा गणपती एकच, त्यामुळे नऊ गणपती आम्ही दोघींनी एका चुलीशी मोदक वळले आणि बोललो ते टोपाशी. “या टोपात मीठ कमी आहे,” असं मी टोपाला सांगायची, आणि “मीठ घालणारे घालतील,” असं ती टोपाला. दहाव्या वर्षी मोदकपात्राचं झाकण माझ्या हातावर उलटलं तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, “भाजला काय गो?” तिथे संपलं. त्याच हिवाळ्यात मुलीच्या बाळंतपणासाठी ती डोंबिवलीला निघाली आणि रावजीचा पिंजरा तिने आपण होऊन माझ्या पडवीत आणून टांगला. “तुझ्याशिवाय कोणाकडे ठेवू?” एवढंच म्हणाली. दहाव्या दिवशी रावजी पिसं फुलवून, डोळे मिटून बसला. अकराव्या दिवशी मी त्याला धुरी दिली. तो मेला तर काय होणार, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुन्हा टोपाशी बोलायचं, आणि या वेळी मरेपर्यंत.

कंपाउंडर त्या सकाळी पिंजऱ्यासमोर अर्धा तास नुसते बसून होते. मला राहवेना. “काय झालंय त्याला?”

“गप ऱ्हव. पेशंट बोलतासत.”

पेशंट काही बोलत नव्हता. दर श्वासाला त्याची शेपटी खाली-वर होत होती, तेवढंच. शेवटी कंपाउंडर उठले आणि मला एकच गोष्ट सांगितली, “ह्येंच्या अंगात वारो हाडांपर्यंत जाता गो. तू धूर तेंच्या हाडांत घातलंस.” आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

स्वतःच्या अक्कलहुशारीने त्यांनी कधी कोणाला औषध दिलं नाही. “डोक्या डॉक्टराचा, हात माझे,” असं म्हणत. त्यांनी कुडाळच्या डॉक्टरांना फोन लावला, ताठ उभे राहिले आणि सरकारी मराठीत बोलू लागले, “सदर पक्ष्यास कालपासून श्वसनाचा त्रास आहे. त्यातच घरच्या मंडळींनी त्यास धूर दिला आहे.” घरात मी एकटीच होते, पण ‘मंडळीं’मध्ये माझा एकटीचा दोष वाटला गेला म्हणून मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानले.

मग पुठ्ठ्याचं खोकं आलं. त्याच्या एका कोपऱ्यावर चाळीसचा बल्ब, आत टॉवेल, शेजारी पाण्याची वाटी. बिनसुईच्या इंजेक्शनमधून औषधाचे थेंब, दिवसातून दोनदा. मी चमच्याने पेज ओतायला निघाले तर त्यांनी माझं मनगट धरलं. चोचीच्या बाजूला थेंब लावायचा आणि थांबायचं. त्याने गिळला की दुसरा. मी थेंब लावताना स्वतःच आ करायची, नातवाला भरवताना करतात तसा. “तेंका गिळूंदे,” ते म्हणायचे, “तू कित्या गिळतंस?”

रोज सकाळी ते येत. आधी नळावर हात धूत, मग मला म्हणत, “आजचो पेपर दाखव.” म्हणजे खोक्यात अंथरलेला पेपर. तो उजेडात धरून, चष्मा लावून, बातम्यांवर पडलेले रावजीचे डाग ते बारकाईने वाचत. हिरवं किती, पांढरं किती, पाणी किती. एकदा म्हणाले, “ह्या एकाच पानार खोट्या काय नसता.” मग वजन. माझा काजूगर मोजायचा छोटा काटा होता, त्यावर रुमालात गुंडाळलेला रावजी. “माफ करा हां,” असं म्हणून ठेवायचे. काटा रोज थोडा थोडा खाली येत होता. ‘बरा होईल ना?’ असं मी रोज विचारायची आणि ते रोज म्हणायचे, “माका ठाऊक नाय.” माणसं अशा वेळी निदान ‘देव आहे’ म्हणतात. ते तेवढंही म्हणत नसत.

आता माझा दुसरा पराक्रम. जाऊ रोज दिवेलागणीला फोन करायची आणि चार वाक्यं झाली की म्हणायची, “रावजीक फोन दी.” धुरीच्या त्याच संध्याकाळी मी फोन खोक्याजवळ नेला. रावजीचा श्वास तेवढा घरघरत होता. आणि मग माझ्याच नाकातून आवाज निघाला, “कोण ता?”

पलीकडे तिला जरा खोकला आला. मग ती म्हणाली, “बरो आसा मगे. थंडीत जप तेका.”

मला माझ्या कलेचं फार कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी मागीलदारी, केळींपाशी उभी राहून तालीम करू लागले. कधी लांबवून, कधी तुटक, वर एक शीळ. सहाव्या की सातव्या दिवशी दुपारच्या औषधाला कंपाउंडर मागच्या बाजूने आले. मी केळीकडे तोंड करून “कोण ता? कोण ता?” करत होते.

“मी ता,” ते मागून म्हणाले. मी दचकून केळीचं पान फाडलं.

सगळं सांगावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं, हसले नाहीत. “वयनीक कधी सांगतलंस?”

“बरा झाला की सांगते.”

“आणि बरे नाय झाले तर?” मी फाटलेलं पान सरळ करू लागले. “रावजी तिचे. तेंची खबर तिका व्हयी.” एवढं बोलून ते आत औषध द्यायला गेले. एक गोष्ट दोनदा सांगायची त्यांना सवय नव्हती. संध्याकाळी फोन आला आणि मी पुन्हा नाकातून बोलले.

नवव्या दिवशी रावजीने थेंब गिळायचं सोडलं. चोचीवरचा थेंब टॉवेलवर ओघळला. काट्यावर तो ब्याण्णव ग्रॅम भरला. पहिल्या दिवशी सव्वाशेच्या आसपास होता. कंपाउंडरांनी त्याला परत खोक्यात ठेवलं, टॉवेल सारखा केला आणि मला म्हणाले, “आज सांग. उद्या सांगूक काय ऱ्हवतला, माका ठाऊक नाय.”

मी तिथेच फोन लावला. ते पाठमोरे बसून इंजेक्शन धूत राहिले, वाजवीपेक्षा बराच वेळ. मी जावेला धुरी सांगितली, शाल सांगितली, दांडीवरून पडलेला रावजी सांगितला आणि शेवटी नाकातला आवाजही सांगितला. रडायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून फार भरभर बोलले. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. मी थांबल्यावर म्हणाली, “बरां,” आणि फोन ठेवला.

‘बरां’. नऊ वर्षांच्या अबोल्यातही मला एवढा आखूड शब्द मिळाला नव्हता. मी कंपाउंडरांना म्हटलं, “झालं. संपलं सगळं.” ते म्हणाले, “बल्ब जरा खाली घे. तेंका थंडी वाजता.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रावजीने त्यांच्या बोटावरचा पपईचा गर चोचीने उचलला. एकदाच. ते म्हणाले, “बरां केल्यात, रावजी.” त्याच्या पुढच्या दिवशी दोनदा. आठवड्याने तो दांडीवर बसला, वाकडा, पण बसला. मी आनंदाने टाळी वाजवली तर मला बोलणी बसली. “तेंका दचकव नको. तुका नाचायचा तर अंगणात जा.” शेपटीचं खाली-वर होणं थांबलं, वजन वाढलं. आवाज मात्र परत आला नाही. तोंड उघडलं की खर्र असं काहीतरी व्हायचं, लाकडावर कानस घासावी तसं.

जाऊ दोन महिन्यांनी परतली आणि पिशवी हातात घेऊनच माझ्या पडवीत आली. पिंजऱ्यासमोर उभी राहिली. पाऊल वाजलं होतं, त्यामुळे रावजी मान वर करून ओरडायला गेला. खर्र. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. मी खांबाला धरून उभी. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “पेज आसा काय गो? पोटात काय नाय माझ्या.” पेज प्यायली, पिंजरा उचलला आणि अंगण ओलांडून गेली. त्या वर्षी गणपतीत टोपाला कोणी काही सांगितलं नाही. रावजी त्यानंतर पाच वर्षं जगला आणि एका दुपारी दांडीवरच, झोपेत गेला. धुरीचा विषय तिने कधी काढला नाही आणि मीही नाही. पोपट वाचला म्हणून मीही वाचले, असा मी हिशेब केला होता आणि मला तो पटलाही होता.

कंपाउंडर गेल्या वर्षी गेले. शेवटचे काही दिवस अंथरुणावर होते. मी भेटायला गेले तेव्हा सून त्यांना पेज भरवत होती आणि दर घासाला आ करत होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बस्स. तेवढ्याने मला हसू आवरेना आणि त्यांनाही ठसका लागला. माझ्या हाती त्यांच्याकडून काय आलं म्हणाल, तर आता मीही मांजराला उचलण्याआधी “उचलते हां तुम्हाला” म्हणते. नातवंडं टिंगल करतात. करोत. घरात धुपाटणं आहे, पण ते देवाजवळच असतं.

त्यांच्या दिवसांना आम्ही दोघी जावा गेलो होतो. परत येताना कट्ट्याच्या स्टँडवर एस.टी.ची वाट बघत बसलो. उन्हं उतरली होती. मी आपलं बोलायचं म्हणून बोलले, “त्या नवव्या दिवशी त्यांनी मला सांगायला लावलं म्हणून, नाहीतर तुला कधी कळलंच नसतं.” जाऊ पदराने वारा घेत होती. ती थांबली आणि म्हणाली:

“माका तुझ्या आधी तेणी सांगलेला. माझ्या गायीची बाळंतपणां तेणीच केल्यानी, नंबर होतो तेंच्याकडे. धुरी दिलंस त्याच दुपारी फोन इलो, आणि मगे रोज सकाळी येय. आज वजन इतक्या, आज खाल्ल्यानी इतक्या. आणि तुझ्या नाकातल्या आवाजाचा मी सांगलंय तेवा म्हणाले, वयनी, ती सांजेक पोपटाचो आवाज काढतासा, तू हस नको आणि ओरड नको, ती आपणहून सांगीपर्यंत कळ काढ. रावजी जगतले काय ता माका ठाऊक नाय, पण तुम्ही दोघी बोलूक लागलासात, तां जगाक व्हया. म्हणान मी फोनवर एकदाय हसलंय नाय गो. ठेवल्यार मात्र रोज हसलंय.”