दुपारी पांढरा, मावळतीला पिवळा

मावळतीचं कौतुक करणारी माणसं मला सहन होत नाहीत. आमच्या तालुक्याच्या गावाला पश्चिमेकडं उघडा माळ आहे. सूर्य तिथं बुडतो. हल्ली पोरं मोटारसायकली लावून त्याचे फोटो काढत बसतात. दुष्काळात मावळत जास्तच रंगते, कारण हवेत नुसता फुफाटा असतो. आभाळ जितकं लाल, तितका गोठ्यात कडबा कमी, हा आमच्याकडचा हिशोब. त्याचा फोटो कुणी काढत नाही.

मी कापूस आणि तूर पारखून विकत घेतो. हे काम डोळ्यांचं आहे, म्हणजे खरं तर उजेडाचं आहे. वैशाखातला दुपारचा उजेड इतका पांढरा, की त्यात रद्दी मालसुद्धा उजळ दिसतो. लबाड माणूस तेव्हाच माल काढतो. आषाढात ढग येतात, पडत काही नाही, लोक आभाळाला शिव्या घालतात. पण त्या करड्या उजेडाइतका प्रामाणिक उजेड दुसरा नाही. त्यात डाग तो डागच दिसतो. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळानं वाढतो असं म्हणतात, पण व्यापाऱ्याला तो वाढलेला कळायला माघ उजाडतो. आणि सगळ्यात वाईट उजेड मार्गशीर्षातला. सूर्य दक्षिणेला सरकलेला, साडेचारलाच ऊन तांब्याच्या रंगाचं होतं. कापूस नेमका याच दिवसांत बाजारात येतो.

हे मला कुणी शिकवलं नाही. एका संध्याकाळी शिकलो, आणि त्याची किंमत एक बैल.

त्या वर्षी पाऊस जवळजवळ झालाच नाही. आमच्या कोरडवाहू रानात सगळी वेचणी मिळून एक गाडी कापूस निघाला. बायकोनं त्यातली काडी न् काडी, पानाचा चुरा न् चुरा वेचून काढला होता. पांढऱ्या मालाचा भाव मिळाला तर दोन्ही बैलांना उन्हाळाभर कडबा घेता येणार होता. कवडी ठरला, म्हणजे डाग लागलेला, पिवळट ठरला, तर एक बैल विकावा लागणार होता. इतकं साधं होतं ते.

तेव्हा कापूस सहकारी संस्थेच्या खरेदी केंद्रावरच घालावा लागे. मी भल्या पहाटे गाडी जुंपून गेलतो, रांगेत पुढं होतो. पण संचालकांच्या पाहुण्यारावळ्यांच्या गाड्या मधूनच आत जात राहिल्या. त्यांचा माल दुपारच्या उन्हात पांढरा लिहिला गेला. माझी गाडी माल उतरायच्या फळीला लागली तेव्हा सूर्य माळाखाली गेला होता. सगळं आवार कुंकवाच्या पाण्यातून काढल्यासारखं झालं होतं.

मालाची प्रत ठरवणारा ग्रेडर बाहेरगावचा होता, खुर्चीत बसल्या बसल्या माल बघायचा. त्यानं मूठभर कापूस उपसला, ताणून पाहिला आणि म्हणाला, "कवडी."

"कवडी? साहेब, यंदा पाऊसच न्हाई पडला. डाग कशाचा पडंल?"

"पिवळा दिसतोय."

"तुमचा सदराबी पिवळाच दिसायलाय."

मागच्या गाडीवाले हसले. माझ्यामागं चाळीसेक गाड्या होत्या, पार चकलांब्याकडच्यासुद्धा. सगळ्यात मोठ्यानं हसला तो माझ्या लगेच मागं असलेला आमचा भाऊबंद. माझ्यापेक्षा वयानं मोठा, मी त्याला दादा म्हणायचो. त्या हसण्यानं मला चेव आला. दुपारी पांढरा ठरलेल्या मालाचा ढीग पलीकडंच होता. मी उडी मारून त्यातला एक गोळा घेतला, माझ्या कापसाचा एक घेतला आणि दोन्ही ग्रेडरच्या मांडीवर ठेवले.

"यातला तुमचा पांढरा कोणता, सांगा."

त्यानं एक उचलला, दुसरा उचलला. दोन्ही सारखेच पिवळे.

"सांगा की, साहेब!" मागून दादाच ओरडला.

"मावळल्यावर माल बघायचा न्हाई, असा तुमचाच नियम हाय," मी म्हणालो.

त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट केलं. "सूर्यास्त सहा वाजून दोन मिनिटांनी आहे. अजून दहा मिनिटं आहेत."

"मग सूर्य कुठंय? दाखवा मला."

"कॅलेंडरात आहे ना."

कॅलेंडरात छापलेली वेळ मुंबईची असते आणि आमच्याकडं सूर्य दहा-बारा मिनिटं आधीच बुडतो, हे मला पुढं कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं, की आभाळात सूर्य नाही आणि एक शिकलेला माणूस मला तो भिंतीवर दाखवतोय. मी त्याला बरंच काही बोललो. सगळं इथं लिहिण्यासारखं नाही.

त्यानं शांतपणे पावतीपुस्तक मिटलं. "उजेड नाही म्हणतोस ना? मग कुणाचाच माल बघत नाही. फाटक लावा. उद्या रविवार. परवा या."

मला वाटलं, आता सगळे खाली उतरतील. चाळीस माणसं फाटकात उभी राहिली असती, तर कॅलेंडराची काय बिशाद होती! सगळे उतरले. उतरून माझ्याकडं आले.

"बस कर बे," दादा म्हणाला. "तुझ्या एका गाडीपायी आमचे बैल दोन दिस उपाशी ठिवतो का?"

"दादा, तुमचाबी तो कवडीच लिहिणार हाय."

"लिहू दे. घेतोय तर न्हवं?"

"लई शहाणा हायेस तर जा की बीडला, कोर्टात!" आणखी कुणीतरी म्हणालं. एकानं माझ्या बैलांचा कासरा धरला आणि गाडी बाजूला ओढायला लागला.

मी ग्रेडरला म्हणालो, "लिहा."

"काय लिहू? मोठ्यानं सांग."

"कवडी."

मग बल्ब लावला. बल्बाखाली तर दूधसुद्धा पिवळं दिसतं. मागच्या एकूण एक गाड्या कवडी गेल्या आणि एकानंही तोंड उघडलं नाही.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हंजी तुमीच म्हणला, कवडी?" पुढच्या आठवडी बाजारात बैल विकला. एका बैलानं औत चालत नाही, म्हणून रान बटईनं, अर्ध्या वाट्यावर, दिलं आणि पुढं खासगी खरेदी खुली झाल्यावर मी दुसऱ्यांचा कापूस बघायला लागलो. ग्रेडरचा राग केव्हाच विझला. तो त्याच्या धन्याचं काम करत होता. त्या चाळिसांचा विझला नाही.

माझ्या काट्यावर दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत चारनंतर माल बघत नाही. लोक म्हणतात, काय शिस्तीचा माणूस. शिस्त कसली!

मधल्या एका दुष्काळात, मार्गशीर्षातच, दादा सव्वाचारला भाड्याच्या टेम्पोतून कापूस घेऊन आला. आता म्हातारा झाला होता.

"आज घे बाबा. कवडी धरून घे, मी काय बोलत न्हाई."

"उद्या दुपारी बघू, दादा."

"आता माघारी कुठं नेऊ? टेम्पोवाला रातीचं भाडं लावील." त्यानं माळाकडं हात केला. "अजून उजेड हाय की बे! सूर्य दिसंना का तुला?"

सूर्य चांगला हातभर वर होता. "दिसायलाय," म्हणालो, आणि शटर ओढलं.

तो टेम्पोतच झोपला. दुसऱ्या दिवशी बाराला मी माल पाहिला. पांढरा होता. पांढऱ्याचाच भाव दिला, पैसा कमी केला नाही. दादानं नोटा धोतराच्या सोग्यात बांधल्या आणि टेम्पोचं रातीचं भाडं मागितलं. ते मी दिलं नाही.