चारही बाजूंचं मार्जिन

मास्तरांच्या हातचा कपडा उलटा करून बघावा, असं गिऱ्हाइकं म्हणत. सुलट बाजूने चार शिंपी सारखेच दिसतात, माणूस कळतो तो आतल्या शिवणीत. मास्तर आत भरपूर मार्जिन सोडत. पोर वाढीला लागलं, कुणाचं बसून बसून पोट सुटलं, की तोच कपडा वर्षा-दोन वर्षांनी परत येई. मास्तर शिवण उसवत, राखून ठेवलेलं कापड बाहेर काढत आणि जुन्या कपड्यात जाडा झालेला माणूस बसवून देत. त्यांचे गुरू या जादा कापडाला ‘माया’ म्हणत. मास्तरांच्या पिढीत मार्जिन हा शब्द आला आणि तोच राहिला.

पण आयुष्यभर बोटांत खेळवलेला हा शब्द त्यांनी दवाखान्यात ऐकला आणि तो त्यांना अनोळखी वाटला.

मास्तरीणबाईंच्या उजव्या छातीत गाठ निघाली होती. चाळीस वर्षं त्या खालच्या दुकानात काज-बटण आणि हातशिलाई करत आल्या होत्या. वर राहायची खोली, खाली दुकान, मधे तेरा पायऱ्यांचा लाकडी जिना. एवढ्या वर्षांत कधी डोकं दुखतंय म्हणून त्या बसल्या नाहीत. गाठीचंही त्यांनी दोन महिने कुणाला सांगितलं नाही. शेवटी लेकीने त्यांना धरूनच नेलं. मंगळवारी ऑपरेशन झालं. संध्याकाळी सर्जनबाई मास्तरांना बाजूला घेऊन म्हणाल्या,

“गाठ निघाली. अशी गाठ काढताना भोवतीच्या चांगल्या भागाची कडही घेतात. तिला आम्ही मार्जिन म्हणतो. तुकडा तपासायला पाठवलाय. चारही बाजूंचं मार्जिन स्वच्छ आलं, म्हणजे ऑपरेशनचं काम संपलं.”

“आणि नाही आलं तर?”

“तर पुन्हा आत जावं लागेल. दहा दिवसांत कळेल.”

मास्तरांना समजलं सगळं. समजायला अवघड काहीच नव्हतं. पण एक गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरेना. कापणाऱ्यालाच कापताना ठाऊक नाही, की पुरेसं कापलं की नाही? अंदाजाने कात्री चालवणाऱ्या शिंप्याला दुसऱ्या दिवशी दुकान बंद करावं लागेल.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी माणसं भेटायला आली. मास्तरीणबाई उशीला टेकून बसल्या होत्या. रिपोर्ट कसला यायचाय, हे लेकीने सगळ्यांना सांगितलं आणि खोलीतल्या प्रत्येकाने तो शब्द आपापल्या घरचा असल्यासारखा उचलला.

मास्तरांचा मेहुणा होजिअरीचा ठोक व्यापारी. तो मांडी ठोकून म्हणाला, “दाजी, मार्जिन काय असतं ते मला विचारा! माझा सगळा धंदा त्याच्यावर. दिवसेंदिवस झिजतंय नुसतं.”

“झिजतंय?” मास्तरीणबाई म्हणाल्या. “मग ते पोटावर काय साठवलंयस?”

“ताई, दुखणं तुला आणि मार बसतोय मला!”

शेजारच्या खोलीतले निवृत्त गुरुजी हसून हसून खोकायला लागले. ते याच वर्षी इमारतीच्या कमिटीच्या निवडणुकीत पडले होते. म्हणाले, “आम्हीसुद्धा मार्जिननेच गेलो हो. दोन मतं! त्यातलं एक आमच्याच घरातलं.”

“काकू विचारी आहेत,” लेक म्हणाली आणि पुन्हा हशा पिकला.

लेक छापखान्यात पानं लावायचं काम करते. वडिलांचा चेहरा उतरलेला बघून तिला वाटलं, आपणही काही सोपं करून सांगावं. “बाबा, आमच्याकडे मार्जिन म्हणजे पानाच्या कडेची कोरी जागा. गुरुजी शाळेत समास म्हणायचे ना, तीच. पुस्तक शिवून झालं की गठ्ठा सुरीखाली जातो. कागद थोडा तरी सरकतोच. म्हणून अक्षर कडेपासून लांब ठेवायचं. कडेला गेलेलं अक्षर अर्धं इकडे राहतं, अर्धं तिकडे.”

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळलं. मेहुण्याने उगाच घड्याळात बघितलं.

मास्तरीणबाईच शेवटी म्हणाल्या, “एका शब्दाला किती घरी जेवायला बसवताय? उठा आता. मला झोप आलीये.”

मास्तरांना मात्र त्या दिवसापासून ते अर्धं अक्षर दिसायला लागलं. भाकरी मोडताना, टेप गळ्यात अडकवताना, कधीही. मन चिंती ते वैरी न चिंती. बायको रोज सकाळी हात जोडून डोळे मिटून बसायची आणि उठताना तिचा चेहरा निवळलेला असायचा. तिने आपला भार देवावर टाकला होता. मास्तरांनीही टाकून पाहिला, पण त्यांना देवाच्या हातातसुद्धा कात्रीच दिसायची.

ऑपरेशनच्या पाचव्या दिवशी त्यांनी विषय काढला. “मी काय म्हणतो, ऐकशील? रिपोर्टची वाट कशाला बघायची? डॉक्टरीणबाईंना सांगून टाकू, सगळंच काढा. पूर्ण. मागे काही ठेवायलाच नको, म्हणजे घोर नको.”

मास्तरीणबाई डाव्या हाताने उजवा दंड हळूहळू वर न्यायचा व्यायाम करत होत्या. हात होता तिथेच थांबला.

“घोर कुणाला नको?”

“दोघांनाही.”

“अहो, अंग माझं आहे. तागा नाही, की तुम्ही खडू मारला आणि मी पसरून दिला.”

“तुझ्या भल्यासाठीच सांगतोय ना.”

“भलं कशात आहे ते अजून तपासणारालाही कळलेलं नाही. तुम्हाला कुठून कळलं?”

त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. मास्तर जिना उतरून खाली आले आणि कात्री घेऊन टेबलाशी उभे राहिले. शाळेची मोठी ऑर्डर होती, खेळाच्या तासाला घालायचे चाळीस शर्ट. मापं आली होती, कापड आलं होतं. कामात तरी मन रमेल म्हणून ते सलग चार दिवस कापत आणि शिवत राहिले. रिपोर्ट शुक्रवारी यायचा होता. मास्तरांनी बुधवारी सकाळी पहिले बारा शर्ट शाळेत पोचवले.

बुधवारी दुपारीच खेळाच्या बाई बाराचे बारा शर्ट पिशवीत कोंबून दुकानात हजर.

“मास्तर, रागावू नका, पण पोरी हात वर करेनात. काखेत काचतंय म्हणतात. एकीला तर लाल वळ उठलाय.”

“काचतंय? माझा शर्ट?”

“तुमचा म्हणून तर आश्चर्य. मी म्हटलं, मापात काही गडबड झाली असेल. पण मापं बरोबर आहेत. आत काहीतरी जाडजाड आहे.”

बाई पिशवी ठेवून गेल्या. मास्तरीणबाई आवाज ऐकून जिन्याच्या कठड्याला धरून हळूहळू खाली आल्या होत्या. त्यांनी वरचा शर्ट उचलला आणि झटकन उलटा केला. बगलेत, खांद्याला, बाहीच्या जोडाला, जिथे बघावं तिथे आतल्या कापडाची घडीवर घडी.

“हे काय हो? दीड इंच?”

“वाढीची पोरं आहेत.”

“वाढतील. पण काखेत पोतं घेऊन कशी वाढतील?” त्यांनी दुसरा शर्ट उलटा केला, मग तिसरा. “सगळे असेच?”

“सगळे.”

“मग कापड पुरलं कसं?”

मास्तर खडूचा तुकडा बोटांत फिरवत राहिले. “नाही पुरलं. शेवटच्या सहा जणांना कापडच राहिलं नाही.”

मास्तरीणबाईंना हसू आलं. टाक्यांवर हात दाबून त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचं तोंड वेगळंच झालं. बटणांच्या डब्याजवळच्या आपल्या नेहमीच्या स्टुलावर त्या बसल्या.

“घाबरलात ना तुम्ही?”

“हो,” मास्तर म्हणाले. चाळीस वर्षांत हा शब्द त्यांनी बायकोसमोर पहिल्यांदाच उच्चारला असेल. “कात्री लावताना प्रत्येक वेळी वाटायचं, आणखी थोडं राहू दे, आणखी थोडं.”

“हातात घेतलेला कपडा मला टाकून देता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. द्या तो टाके काढायचा उसवा इकडे.”

“तू राहू दे. हात दुखेल.”

“दुखला तर थांबीन. मला थांबता येतं.”

एकेक टोकदार उसवा घेऊन दोघं समोरासमोर बसली. एक एक टाका तुटत होता. रस्त्यावरून सायकली जात होत्या, समोरचा कुलूपवाला एकाच किल्लीवर कानस घासत होता. बऱ्याच वेळाने मास्तरीणबाई मान वर न करता बोलल्या.

“तुम्हाला वाटत असेल, हिला या वयात कसली हौस. मला कुणाला दाखवायचं नाही, लपवायचंही नाही. पण जे बरं आहे ते भीतीपायी का टाकायचं? देवाने दिलंय, अजून चांगलं आहे. वाईट निघालं तर मीच सांगीन, काढा म्हणून. रडायचीही नाही.”

“आणि मागे काही राहिलं तर?”

“ते राहिलंय का, हेच तर बघताहेत ना? शुक्रवारी तुम्ही आधी तोंड उघडायचं नाही. आधी ऐकायचं. कबूल?”

“कबूल,” मास्तर म्हणाले. पण मनातल्या मनात त्यांनी वाक्य घोटून ठेवलंच होतं. डॉक्टरीणबाई, जोखीम नको, सगळं काढा. गुरुवारी दिवसभर ते हेच वाक्य घोटत होते.

शुक्रवारी तिघं दवाखान्यात गेली. लांबलचक बोळ, भिंतीलगत प्लास्टिकच्या खुर्च्या, दारावर लाल आकड्यांची पेटी. त्यांचा नंबर एकोणतीस. सोळा, सतरा, अठरा. अठरावर आकडा बराच वेळ अडकला आणि आतून बाहेर आलेली बाई कुणाकडे न बघता निघून गेली. मास्तरीणबाईंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

सर्जनबाईंनी रिपोर्ट वाचून दाखवला नाही. त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि त्यावर अंडाकृती गोल काढला.

“ही तुमची गाठ. वरची बाजू स्वच्छ. आतली स्वच्छ, बाहेरची स्वच्छ.” पेन खाली आलं. “इथे, खालच्या बाजूला, गाठ कडेला टेकली आहे.”

लेकीने आईचा खांदा धरला. मास्तरांचं वाक्य जिभेवर आलंच होतं, पण त्याच्याआधी दुसरंच काही बाहेर पडलं.

“खालचीच बाजू, हे कशावरून? तुकडा बाटलीत घालून नेला. त्याला काय वर, काय खाली?”

सर्जनबाईंनी पेन ठेवलं. “चांगलं विचारलंत. तुकडा काढला की तिथल्या तिथे मी त्याच्यावर दोरे घालते. वरच्या बाजूला आखूड दोरा, बाहेरच्या बाजूला लांब. मग तपासणारे सगळ्या कडांना शाई लावून बघतात. बाजू चुकत नाही.”

मास्तर त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. उजवी-डावी बाही कापल्यावर दोन्ही तुकडे सारखेच दिसतात, म्हणून ते स्वतःही उजवीला एक कच्चा टाका घालत. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एकदा दोन्ही बाह्या एकाच हाताच्या शिवून बसले होते, त्या फजितीने शिकवलं. ही बाई अंदाजाने कापत नव्हती. कुठे थांबलो याची खूण तिने ठेवली होती आणि कमी पडलेली जागा लपवली नव्हती.

“आता पुढे?” मास्तरीणबाईंनी विचारलं.

“दोन रस्ते आहेत, आणि दोन्ही बरोबर आहेत. एक म्हणजे फक्त खालची कड आणखी काढायची. ती पुन्हा तपासायला जाईल. नंतर किरणांचे उपचार घ्यावेच लागतील, ते चुकणार नाहीत. क्वचित एखाद्याला तिसऱ्यांदाही टेबलावर यावं लागतं, हे आधीच सांगते. दुसरा रस्ता म्हणजे सगळंच काढायचं. तुमच्या बाबतीत आयुर्मानात दोन्हींनी फरक पडत नाही. घाई करू नका, घरी जाऊन बोला.”

“घरी बोलून झालंय आमचं.” मास्तरीणबाई नवऱ्याकडे वळल्या. “ऐकलंत सगळं. आता बोला.”

लेक वडिलांकडे बघायला लागली. सर्जनबाईही. मास्तरांना ‘तिसऱ्यांदा’ हा शब्द तेवढा स्पष्ट ऐकू आला होता, बाकीचं लांबून आल्यासारखं. पुन्हा दहा दिवस. पुन्हा तो बोळ, पुन्हा ते लाल आकडे. सगळं काढा म्हटलं की हे संपणार होतं, आणि बायकोने बोलण्याची पाळी आज त्यांनाच दिली होती. ती नाही म्हणाली नसती. चाळीस वर्षांत तिने माणसांसमोर त्यांचा शब्द खाली पडू दिला नव्हता, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्यांनी बोट पुढे केलं आणि कागदावरच्या गोलाच्या खालच्या कडेला टेकवलं.

“एवढंच,” ते म्हणाले. “हिला तेच हवंय.”

“आणि तुम्हाला?” सर्जनबाईंनी विचारलं.

“मला भीती वाटते. पण मी भ्यायलो म्हणून तिचं का कापायचं?”

सर्जनबाईंनी ऑपरेशनला सोमवारची तारीख दिली. मास्तरीणबाईंनी किती वाजता यायचं, उपाशीपोटी यायचं का, हे नीट विचारून घेतलं आणि लेकीला लिहून घ्यायला लावलं. मग नर्सने संमतीचा कागद आणला. मास्तरीणबाईंनी आपली सही केली. खाली नातेवाईकाची रेघ होती. मास्तरांनी पेन घेतलं, पण पेनाचं टोक रेघेवर टिकेना, कागद सारखा त्याच्यासोबत सरकायला लागला. तेव्हा मास्तरीणबाईंनी आपला डावा तळवा कागदावर पसरून तो घट्ट दाबून धरला, आणि मास्तरांची सही पूर्ण होईपर्यंत उचलला नाही.