झाडावरचा चिकू

सिंगापूरला जाऊन आलेले लोक उंच इमारतींचं वर्णन करतात. मला आठवते ती माझ्या मोठ्या जावेच्या घरातली पाहुण्यांची खोली आणि तिथली पांढरीशुभ्र गादी.

थोरले दीर आणि जाऊ तिथे बरीच वर्षं आहेत. लेक चार वर्षांची असताना आम्ही तिघं चिखल्याहून त्यांच्याकडे गेलो. आमचा पहिलाच विमानप्रवास. बॅगेत कपडे कमी आणि आमच्या वाडीतल्या चिकूच्या सुकवलेल्या फोडींचे डबे जास्त. जावेने ते डबे न उघडताच कपाटात ढकलले. तेवढं मी गिळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गादी ओली निघाली. नवी जागा, आदल्या दिवशीची पायपीट, पोर मेल्यासारखी झोपली होती. लेक कानकोंडी होऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, कोणाला सांगू नको ना."

जावेने स्वतःच्या गळ्याला चिमटा घेतला. "नाही सांगणार. गळ्याशप्पथ."

तेव्हा मला तिचं कौतुक वाटलं होतं, हे आठवलं की अजून डोकं तापतं.

संध्याकाळी तिच्या ओळखीची मराठी कुटुंबं जेवायला आली. वरणभात वाढता वाढता तिने सगळं साग्रसंगीत सांगितलं. वर म्हणाली, पाहुण्यांनी गावाहून येताना तळंसुद्धा सोबत आणलंय. सगळे हसले. माझा नवराही कसनुसा हसला, त्याचा समाचार मी नंतर घेतला. लेकीने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

तो तिने पुढे कितीतरी महिने उचललाच नाही. परतीच्या विमानात थेंबभर पाणी घेतलं नाही. घरी आल्यावर दिवस कलला की पाणी बंद. कैनाडला मामाकडे मुक्कामाला जायचं म्हटलं की तिच्या पोटात दुखायचं. डॉक्टर म्हणाले, रागावू नका तिला. तिला मी रागावलेच नव्हते. माझा राग मी जपून ठेवला होता.

गेल्या थंडीत जाऊ सिंगापूरच्या दोन मैत्रिणींना घेऊन वाडी दाखवायला आली. आमच्याकडे झाडावरचा चिकू कोणी खात नाही. तो उतरवायचा, धुऊन वरची भुकटी काढायची, गोणपाटाखाली झाकून ठेवायचा आणि मऊ पडला की मग खायचा. लग्नाला इतकी वर्षं होऊनही जावेला हे ठाऊक नव्हतं, कारण तिच्या पुढ्यात नेहमी पिकलेलेच यायचे. वाडीत शिरल्या शिरल्या ती मैत्रिणींना समजावू लागली की खरी चव झाडावरच्या फळाची, आम्ही तसंच खातो. चक्क "आम्ही" म्हणाली.

मी बांबूला बांधलेल्या जाळीने एक टपोरा चिकू उतरवला आणि तिच्या हातात दिला. मैत्रिणींना दिला नाही, त्यांनी माझं काही वाकडं केलं नव्हतं.

"कडक आहे गं," ती म्हणाली.

"ताजा आहे ना," मी म्हणाले.

एका मैत्रिणीने मोबाईल धरला. जावेने चांगला मोठा घास घेतला.

कच्च्या चिकूने तोंड आवळून येतं आणि त्याच्या चिकाने ओठ ओठाला चिकटतात. तिला धड थुंकताही येईना. फळं उतरवणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला कसं वाटलं सांगू? किती दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं.

पाणी आणते म्हणून मी मुद्दाम रमतगमत घरात गेले. परत आले तर लेक खोबरेल तेलाची वाटी घेऊन तिच्याजवळ बसली होती आणि बोटाने तिच्या ओठांवरचा चीक सोडवत होती. जावेच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"घरी कोणाला सांगू नको हं बाळा," ती म्हणाली.

लेकीने तेलकट बोटांनीच गळ्याला चिमटा घेतला. "नाही सांगणार, काकू. गळ्याशप्पथ."

लेकीने शब्द पाळला. काकूचे ओठ का सुजलेत म्हणून आजीने दोनदा विचारलं, तरी ती बोलली नाही.

मी गळ्याला हात लावला नव्हता. रात्रीच्या जेवणाला सासूबाई होत्या, सरावलीची नणंद आणि तिच्या घरचे होते, मैत्रिणी होत्या. वरणभात वाढता वाढता मी सगळं सांगितलं.