फुलवंताबाईची घट्ट बांगडी

फुलवंताबाईच्या लेखी जगात हातांचे दोनच प्रकार होते: तिने बांगड्या भरलेले हात आणि वाया गेलेले हात. बोदलकसा तलावाच्या वाटेवरची सात-आठ गावं तिची. लग्नघरून निरोप आला की ती काचेच्या बांगड्यांची पेटी घेऊन निघायची आणि ओसरीवर बसता बसता जमलेल्या बायकांचे हात पाहून नाक मुरडायची. पाटलाच्या सुनेचे हात जन्मात धानाची रोवणी न केलेले, मास्तरणीचे नुसते खडू धरायला केलेले. गोंदियाहून आलेल्या पाहुण्यांचे हात तर तिच्या मते हातच नव्हते, लोण्याचे गोळे होते.

तिचा एक नेम होता. हाताला जे माप बसेल त्याहून एक माप लहान बांगडी भरायची. नवरीचा अंगठा तळव्यात दुमडायचा, त्याच्या बुडाशी आपला अंगठा रोवायचा आणि हाड दाबून बांगडी वर सरकवायची. नवरी ओठ चावायची, कुणी ढसाढसा रडायची, पण बांगडी फुटायची नाही. ढिल्या बांगड्या विकणाऱ्या तिरोड्याच्या दुकानदारांना ती बांगडीवाले म्हणतच नसे.

गेल्या पावसाळ्यात तिचा तोच अंगठा अडकायला लागला. सकाळी दुमडलेला अंगठा काही केल्या उघडेना. डाव्या हाताने ओढला की कट्ट वाजून सुटायचा आणि कळ कोपरापर्यंत जायची. महिनाभर तिने मोहाचं तेल चोळलं. शेवटी नवरा, ग्यानीराम, कुरकुर ऐकून कंटाळला आणि म्हणाला, ओमेश्वरच्या पोरीला दाखवून ये.

ओमेश्वर रहांगडालेची ही उर्वशी आयुर्वेदाची डॉक्टर होऊन आली होती आणि तिने तिरोड्याच्या रस्त्यावर दवाखाना थाटला होता. जिला शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हापासून पाहिलेली पोरगी आपला हात पाहणार, हेच फुलवंताबाईला सोसेना. कानामागून आली आणि तिखट झाली. उर्वशीने अंगठ्याच्या बुडाची गाठ चाचपली. अंगठा ओढणारी शीर ज्या वाटेने सरकते ती वाट सुजली आहे, म्हणून शीर अडकते, असं तिने समजावलं. मग तापवलेल्या सळीचे तीन-चार बारीक ठिपके दिले, वर कोरफड लावली. घरी कोमट तेल आणि निर्गुडीच्या पाल्याचा शेक, रात्री अंगठ्याला पट्टी, आणि दोन महिने दाबायचं काम बंद. तरी सुटला नाही तर गोंदियाला सर्जनकडे जायचं. शेवटी ती म्हणाली, "आनि बांगड्या भरायच्याच असन, तं मापाच्या भर मावशी. दाबून भरशीन तं माझं औषध कामाचं नाई."

फुलवंताबाई घरी येईपर्यंत फणफणत होती. डाग ढोरांना देतात. निर्गुडीला तर शेळीसुद्धा तोंड लावत नाही. एवढ्यासाठी बापाने पोरीला पाच वर्षं शिकवलं! पण शेक ती घेत राहिली, आणि पंधरा दिवसांत सकाळचं अडकणं निम्म्यावर आलं. ते श्रेय तिने मोहाच्या तेलाला दिलं आणि तुळशीचं लग्न होताच पेटी उचलली. दवाखान्यात मात्र पेटी उघडलीच नाही म्हणून ठोकून दिलं.

खोटं कुठे लपतं! शेजारच्या गावात नवरीच्या हातावर अर्धी बांगडी चढली असताना अंगठा अडकला. एकामागून एक तीन बांगड्या फुटल्या आणि पोरीच्या हळदीच्या हातावर रक्त आलं. हातावरची काच फुटणं म्हणजे अपशकुन. बायका कुजबुजल्या. नवरीची मावशी तर तोंडावरच म्हणाली, यापुढे तिरोड्याचा माणूस बोलवा. तीस वर्षं जिने दुसऱ्यांच्या हातांना नावं ठेवली, तिच्या हाताला आता नाव पडलं होतं.

अशात रहांगडाल्यांकडून निरोप आला. उर्वशीचंच लग्न होतं. या मोठ्या घरात सगळी भावकी जमणार. तिथे एक बांगडी फुटली तरी पेटी कायमची माळ्यावर जाणार, हे फुलवंताबाईला पक्कं ठाऊक होतं.

पन्नास बायकांसमोर उर्वशीने हात पुढे केला. फुलवंताबाईने एका नजरेत माप ओळखलं, दोन-सहा, आणि नेमाप्रमाणे दोन-चारचा डबा काढला. तिने हात दाबायला घेतला तेव्हा उर्वशीची बोटं हळूच तिच्या अंगठ्याच्या बुडाशी गेली. गाठ पुन्हा टणक झाली होती. पेटी उघडली होती की नाही, ते त्या गाठीनेच सांगून टाकलं. आता ही चारचौघींत पाणउतारा करणार, म्हणून फुलवंताबाईने दात आवळले.

उर्वशी मोठ्याने म्हणाली, "मले दोन-आठच्या भर. मले पेशंट पाहा लागते, घट्ट चुडा चालत नाई."

नवरीचा चुडा आणि ढिला? आत्या कुरकुरली, पण डॉक्टर पोरीपुढे कोण बोलणार! फुलवंताबाईला मात्र खरं कारण कळलं होतं, आणि ज्या पोरीला आपण कवडीची किंमत दिली तिने आपली लाज राखली, याचा तिला भयंकर राग आला. तिने दोन-आठची बांगडी लावली. बांगडी आपोआप वर गेली. दुसरी गेली, दहावी गेली. अंगठ्याला काही कामच उरलं नाही. नवरी हसत होती, शेजारणीशी बोलत होती.

पुढे बसली उर्वशीची वहिनी. चार वर्षांपूर्वी तिचा चुडाही फुलवंताबाईनेच भरला होता. ती उर्वशीच्या हाताकडे बघत राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "माझ्या लग्नात असं काऊन नाई भरलं, मावशी? मी तं लय रडली होती."

हात नाजूक, दुसरं काय, हे ठेवणीतलं उत्तर फुलवंताबाईच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. तिने वहिनीचा हात हातात घेतला.

"नवरी रडली म्हनजे चुडा बसला," ती म्हणाली, "मले असंच वाटे."

आणि मान खाली घालून ती पेटीत मोठ्या मापाचा डबा शोधू लागली.