ग्लेनिसच्या बाजूची स्प्रिंग

अ‍ॅल्विन पेटिफरने गाडी विकत घेतली नाही, बांधली. खोक्यांतून आलेले सुटे भाग घरीच जोडून दोन माणसांची, बिनछपराची, बिनदारांची मोटार उभी करायची, हे वेड इंग्लंडातल्या श्रॉपशरच्या त्या भागात पुरुषांना निवृत्तीच्या सुमारास लागतं आणि मग सुटता सुटत नाही. अ‍ॅल्विनने जन्मभर शाळेची बस चालवली होती. मागे पोरांचा कालवा नसलेली गाडी, एवढीच त्याची अपेक्षा होती.

गाडी म्हणायची त्याची, पण निम्मी त्याच्या बायकोची, ग्लेनिसची. हिवाळेच्या हिवाळे ती गॅरेजच्या गारठ्यात त्याच्यासाठी दिवा धरून उभी राहिली. दोन्ही सीटांची चामड्याची कव्हरं तिने घरच्या मशीनवर शिवली. त्यात मशीनने कायमचं अंग टाकलं, तरी बाई चकार शब्द बोलली नाही. बदल्यात तिचं एकच मागणं होतं. "शेजारची सीट माझी. तिथं तुझी हत्यारं ठेवायची नाहीत."

गाडी पुरी होत आली आणि ग्लेनिसच्या पाठीचं ऑपरेशन झालं. मोटारीत बसायला डॉक्टरांची ना नव्हती, पण धक्के नकोत म्हणून त्यांनी बजावलं.

आता धक्का कुणी खायचा, गाडीने की माणसाने, हे ठरतं स्प्रिंगांवर आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर. स्प्रिंग भार झेलते, आणि ती नाचत बसू नये म्हणून शॉक अ‍ॅब्सॉर्बर तिला आवरतो. ही जोडी निवडताना अ‍ॅल्विनने सल्ला घेतला तो असल्या गाड्यावाल्यांच्या, दर रविवारी जमणाऱ्या क्लबातल्या रॉडनी बॅगशॉचा. रॉडनीला सगळ्यातलं सगळं कळत असे, निदान त्याचं स्वतःचं तसं मत होतं.

"कडक घे, शर्यतीतल्यासारखी," रॉडनी म्हणाला. "मऊ स्प्रिंग म्हणजे म्हाताऱ्यांची गाडी."

दोघंही सत्तरीला टेकलेले होते, पण ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पहिल्या फेरीला ग्लेनिस नवा स्कार्फ बांधून बसली. गावाबाहेर, मेंढ्या पलीकडे जाऊ नयेत म्हणून रस्त्यात फटी ठेवून आडवे लोखंडी गज बसवलेत, त्यांवरून गाडी गेली आणि ग्लेनिस किंचाळली.

"थांबव!"

"जरा हळू घेतो ना..."

"अरे, हळूच होतास तू. उतरव मला. मी चालत येते."

ती कुंपणाला धरत धरत घराकडे निघाली आणि हा पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागोमाग, प्रेतयात्रेच्या चालीने. फाटकाशी ती म्हणाली, "तू जात जा आपला रविवारी. मी इथून हात करीन." आवाजात राग नव्हता, म्हणून तर ते त्याला जास्त लागलं. ती सीट तिने सोडून दिली होती.

आधी त्याने शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या, जोर कमीजास्त करायच्या खुंट्या सैल करून पाहिल्या. गाडी बेडकासारखी उड्या मारू लागली. शेवटी त्याने स्प्रिंगा बनवणाऱ्या कारखान्यात फोन लावला. तिथल्या बाईंनी विचारलं, "प्रत्येक चाकावर वजन किती येतं?"

त्याने तोंडपाठ सांगितलं. पेट्रोल, हत्यारं, जादा चाक, सगळं धरून.

"आणि माणसं?"

"मी आहे की त्यात."

"शेजारी कोण बसतं?"

जादा चाकसुद्धा त्याने हिशोबात धरलं होतं आणि ग्लेनिसला धरलं नव्हतं. त्याला स्वतःची शरम वाटली.

"दोघं बसा आणि परत तोला," बाई म्हणाल्या.

एका चाकाचा भार बाथरूममधल्या एका वजनकाट्याला पेलत नाही. दोन काटे, वर फळी, त्यावर चाक, असं करावं लागतं. म्हणजे आठ काटे हवेत. अ‍ॅल्विन गल्लीत घरोघर मागत फिरला. काटा देताना प्रत्येक घराने न चुकता बजावलं, "आमचा जरा जास्तच दाखवतो हं." ग्लेनिस उशी घेऊन बसली. बेरजेसाठी शेजारीण आली होती, कारण अ‍ॅल्विन स्वतः स्टिअरिंगमागे अडकलेला.

"आकडा मोठ्याने वाचलास तर याद राख," ग्लेनिस शेजारणीला म्हणाली.

"माझाच काटा आहे, बाई. त्याचं काय ऐकायचं!"

ग्लेनिस हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

नव्या स्प्रिंगा आल्या, दोघांचं वजन धरूनही आधीच्यांहून चांगल्याच मऊ. शॉक अ‍ॅब्सॉर्बर त्यांच्या जोडीचे. खुंट्या त्याने फिरवल्या, पण हुकूम ग्लेनिसचा. ती सीटवर बसून सांगे, "अजून जरा. आता पुरे." मग रविवारी दोघं निघाली. गज आले. गाडी नुसती कुरकुरली आणि पलीकडे गेली. त्याने हळूच शेजारी नजर टाकली.

"माझ्याकडे काय बघतोस? रस्ता बघ," ग्लेनिस म्हणाली. त्याला इतकं भरून आलं की रस्ता धड दिसेना.

पबच्या अंगणात क्लबच्या गाड्या ओळीने लागल्या होत्या. तिथली रीत अशी की नव्या गाडीच्या नाकावर तळवा दाबून बघायचा. नाक हललं नाही की शाबासकी. रॉडनीने दाबलं. नाक खाली गेलं.

"अरे देवा! सोफा केलास की रे हिचा!"

सगळे खिदळले.

"रॉडनी," ग्लेनिसने सीटवरूनच विचारलं, "तुझी बायको दिसत नाही?"

"घरी आहे. ती नाही बसत या गाडीत."

"आणि तुमच्या?"

कुणी पायाकडे बघितलं, कुणी ग्लासात. त्या लांबलचक ओळीत शेजारच्या सीटवर बसलेली बाई एकच होती. अ‍ॅल्विन तिला उतरवायला वाकला.

"थँक्यू, ग्लेनिस," तो म्हणाला. दिव्याबद्दल, मशीनबद्दल, आणखी कितीतरी गोष्टींबद्दल म्हणायचं होतं, पण तोंडून एवढंच आलं.

"उतरवू नकोस मला. चहा इथंच आण," ती म्हणाली. "बरं वाटतंय बसून."