एक फेब्रुवारीच्या आत

घाटकोपरच्या टपाल कचेरीत रजिस्टरच्या खिडकीमागं दत्ताराम परुळेकर बसत. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत जॉबर, कामगारांवरचे मुकादम. दत्तारामना नोकरी लागली ती टपालखात्यात, आणि बेचाळिसाव्या वर्षीही ती त्यांना नवीकोरी वाटे. पाकीट हातात आलं की पत्ता वाचता वाचताच ते कुठल्या दिवशी कुठं असेल हे त्यांच्या डोक्यात मांडून होई. सुगंधा, त्यांची बायको, म्हणे, "ह्यांका देव कळाचो नाय, पण टपाल कळता."

१९५४ च्या जुलैत एका दुपारी त्यांच्या खिडकीशी पद्मजा कर्णिक आली. त्यांच्याच आळीतली मुलगी. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होती, पहिलं वर्ष नुकतंच संपलं होतं. तिनं एक पाकीट पुढं सरकवलं. वर अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचा पत्ता.

"काय आहे गं यात?"

"प्रवेशाचा फॉर्म मागवतेय, काका. घाई नाहीये. माझा निकाल पुढच्या जूनमध्ये. मग अर्ज."

दत्तारामनी तिकिटांकडं पाहिलं. "ही तिकिटं बोटीची. अगो, बोटीन गेला तर पोचतला कधी आणि उत्तर येतला कधी? दिवाळी जायत!" मग मराठीवर येऊन म्हणाले, "विमानानं पाठव. आणि पाठवतेसच, तर अर्जाची शेवटची तारीख कुठली तेही विचार."

तीन आठवड्यांत उत्तर आलं. पद्मजा ते घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. कॉलेज सप्टेंबरात सुरू होणार, पण अर्ज पोचायला हवा एक फेब्रुवारीच्या आत. शिवाय इंग्रजीची एक परीक्षा. तिचा पेपर विद्यापीठ बंद पाकिटातून इथल्या एखाद्या प्राध्यापकाकडं धाडणार, त्यांनी मुलीला समोर बसवून तो लिहवून घ्यायचा आणि लाख लावून परत पाठवायचा.

"फेब्रुवारीत माझ्याकडं निकालच नसणार," पद्मजा म्हणाली. "म्हणजे पुढच्याच्या पुढच्या वर्षी. आणि मध्ये एक वर्ष मी घरात बसले ना, की आई लग्न ठरवून मोकळी होईल. ठाण्याचं एक स्थळ तर आत्तापासून चकरा मारतंय."

"निकाल हवाच असं त्यांनी लिहिलंय?"

तिनं पत्र पुन्हा वाचलं. "तसं… लिहिलेलं नाही."

"मग विचार ना त्यांना! न विचारता कशाला वर्ष घालवतेस?"

विद्यापीठं कशी चालतात हे दत्तारामना ठाऊक नव्हतं. तारखा मात्र ठाऊक होत्या. त्यांनी एक खराब झालेला फॉर्म उलटा केला, तळाशी 'एक फेब्रुवारी' लिहिलं आणि तिथून वर चढत गेले. अर्ज निघायला हवा पंधरा जानेवारीपर्यंत. त्याआधी परीक्षा. त्याआधी पेपर यायचा. म्हणजे परीक्षकाचं नाव कळवायचं ऑक्टोबरात. "आणि पत्ता त्यांच्या घरचा दे हो. नाताळात कॉलेज बंद असतं."

विद्यापीठानं कळवलं, पहिल्या वर्षाचे गुण आणि प्राध्यापकांचं पत्र आत्ता चालेल, निकाल मागाहून. पद्मजानं परीक्षक म्हणून प्राध्यापक नंदकुमार सबनीसांचं नाव दिलं. ते घाटकोपरलाच राहत.

सत्तावीस डिसेंबरला, सोमवारी, पोस्टमन लवू एक जाड रजिस्टर पाकीट घेऊन परत आला. "सबनीसांच्या दाराला कुलूप. मुलीच्या बाळंतपणाला नाशकाला गेलेत म्हणे."

दत्तारामनी पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला आणि लगेच पद्मजाला निरोप धाडला. ती धावतच आली. खिडकीच्या आत, दोन हातांवर, तिची परीक्षा पडली होती.

"काका, द्या ना मला. मी स्वतः नाशकाला नेऊन देते."

"तुझा पेपर तुझ्याच हातात दिला, तर परीक्षा कसली गो ती?"

"मी उघडणार नाही!"

"तू नाही उघडणार. पण सरकार तुला ओळखत नाही." त्यांनी पाकीट कपाटात ठेवून कुलूप लावलं. "हे इथं सात दिवस राहील. मग निघालं अमेरिकेला परत. तू सबनीसांना तार कर."

तारेला तारेनंच उत्तर आलं: पुढच्या मंगळवारी नातीचं बारसं, बुधवारी पोचतो. सात दिवस त्याआधीच, सोमवारी, संपत होते. पद्मजा रडकुंडीला आली. "वाट लागली!"

"काही वाट-बिट नाय लागत. पाकीट ज्याच्या नावाचं, त्यानं सहीनिशी लिहून दिलं की ठेवता येतं. दुसरी तार कर. आजच पत्र टाकायला सांग."

शुक्रवार कोरडा गेला. शनिवारी सकाळच्या टपालात नाशिकचं पत्र आलं. 'माझे नावचे रजिस्टर पाकीट कृपया मी येईतो राखून ठेवावे.' दत्तारामनी ते दोनदा वाचलं आणि पोस्टमास्तरांपुढं असं ठेवलं की जणू त्यांच्याच घरी नात झाली होती.

गुरुवारी सबनीसांच्या व्हरांड्यात परीक्षा झाली. टेबलावर गजराचं घड्याळ, शेजारी बारशाचे उरलेले पेढे. दत्तारामनी त्या दिवशी रजा टाकली होती, आणि भाजीची पिशवी घेऊन ते त्या रस्त्यानं तीनदा गेले. तिसऱ्यांदा सबनीस वरून म्हणाले, "परुळेकर, भाजी झाली असेल तर वर या. पेपर संपलाय."

"कसा होता?" दत्तारामनी विचारलं.

"सगळा झकास, फक्त एक उतारा बेसबॉलवर होता," पद्मजा म्हणाली. "कोण कुठून पळतं काही कळलं नाही. मी आपली विटीदांडू समजून उत्तरं लिहिली."

सबनीस म्हणाले, "मला तरी कुठं कळलं?"

शुक्रवारी लाखेचं पाकीट आणि अर्ज एकदमच विमानानं गेले. एप्रिलात उत्तर आलं. प्रवेश मिळाला होता, प्रयोगशाळेत काम करून फी माफ, अट एवढीच की निकाल वरच्या वर्गाचा हवा.

आता अडले ते पद्मजाचे वडील. विद्याधरराव विमा कंपनीत होते, सावधपणा अंगात मुरलेला. "निकाल लागल्याशिवाय बोटीचं तिकीट काढायचं? नापास झाली तर?"

"नापास झाली तर तिकीट परत करता येईल, साहेब," दत्ताराम म्हणाले. "पण पास झाली आणि बोटीत जागा नसली, तर ऑक्टोबरात जाऊन काय करील? शाळा सुटल्यावर दप्तर नेल्यासारखं."

वसुधाबाई, पद्मजाची आई, आतून बाहेर आल्या. त्या म्हणाल्या, "काढा हो तिकीट. ठाण्याच्या लोकांना मी केव्हाच नाही म्हणून कळवलंय."

पद्मजा आईकडं वळली. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर अभ्यास केला असतास का?"

जूनअखेर निकाल लागला. पद्मजा पहिल्या वर्गात आली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बॅलार्ड पियरवर कर्णिकांचं सगळं कुटुंब जमलं. सुगंधानं कोकमं बांधून दिली होती. पद्मजा वाकून पाया पडली. दत्ताराम म्हणाले, "पोचल्यावर पत्र टाक. विमानानं."

पद्मजानं तिकडून काय लिहिलं कोण जाणे, पण पुढच्या पावसाळ्यात वाकोल्याचा एक जयवंत खिडकीशी येऊन उभा राहिला. मग मुलुंडची माणिक. शनिवारी दुपारी काम आटोपलं की बाहेरच्या बाकावर दोघं-तिघं थांबलेले असत, आणि दत्ताराम त्यांना तळापासून वर तारखा लिहून देत. चार वर्षांत सात जण गेले.

साकीनाक्याचा बाळ मात्र गेला नाही. त्याच्या वडिलांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. सगळ्या तारखा कागदावर उतरल्यावर त्यानं कागद परत सरकवला आणि तो म्हणाला, "काका, मला जायचंच नाहीये. दोस्त चाललेत म्हणून मीपण."

"मग इथं काय करायचंय?"

बाळनं नव्या मशीनबद्दल सांगायला सुरुवात केली. खिडकी बंद करायची वेळ झाली तरी तो बोलतच होता, आणि दत्ताराम टोपी हातात धरून ऐकत होते.