आकृतीबाई

आमच्या जीवशास्त्राच्या बाईंना कॉलेजात कुणी खऱ्या नावानं ओळखत नसे. तेलगावच्या स्टँडवर उतरून 'आकृतीबाई कुठं राहतात' म्हटलं, की लोक हात करून घर दाखवायचे. पेन्सिलीचं टोक बोथट दिसलं की त्या वही मिटून परत द्यायच्या. "चित्र कसंबी निघू द्या, नावं बरोबर द्या. बोर्ड नावाला मार्क देतंय," हे त्यांचं रोजचंच. आम्ही त्यांच्या नकला करायचो आणि मुकाट्यानं टोक काढायचो.

बारावीला प्रजननाचा धडा आला. बाकीच्या कॉलेजात तो 'घरी वाचा' म्हणून उरकतात. बाईंनी पोरापोरींना एकत्र बसवून फळाभर गर्भाशय काढलं. मागच्या बाकांवर खसखस पिकली. बाई वळल्यासुद्धा नाहीत. "हसून घ्या रे. बोर्ड हा धडा सोडत न्हाई, मी कावून सोडू?" म्हणाल्या आणि अंडाशयाला नाव दिलं. मी मात्र हसले नाही. फळ्यावर होती ती आमच्याकडची 'पिशवी', आणि त्याच आठवड्यात आईची पिशवी काढायचं ठरत होतं.

आईचं पोट दुखायचं, अंगावरून जायचं. गावात आईसारख्या ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायांनी पिशवी काढलेली. डॉक्टरही म्हणाला, काढून टाका, कटकट मिटेल. मी बाईंना सांगितलं, तर रविवारी बाई गर्भाशयाच्या तक्त्याची गुंडाळी काखोटीला मारून थेट आमच्या दारात.

ओसरीवर तक्ता पसरून त्यांनी आईला सगळं समजावलं. "ताई, औषधानं बरं होईल, दुसरीकडं दाखवू. मी येते संगं. काढायचीच वेळ आली तर निदान अंडाशयं तरी राहू द्या. तुमचं वय काय हो!"

आईनं मन लावून ऐकलं, चहा केला. मग म्हणाली, "बाई, तुमचं समदं खरं हाय. पर दर महिन्याला चार दिस मी फडात आडवी पडले, तर मोळ्या कोण उचलंल? मुकादम खाडा धरतोय, पैसं कापतोय. आन् लेकरं झाली की आता."

बाई तक्ता गुंडाळायला लागल्या, तर तो नीट गुंडाळला जाईना. फार वाईट वाटलं मला त्यांचं, आईपेक्षाही जास्त. पुढच्या आठवड्यात आईचं अंडाशयांसकट सगळंच काढलं. दिवाळीनंतर ती फडावर गेली.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेला सूक्ष्मदर्शकाखाली अंडाशयाची स्लाइड आली. मी ओळखली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "याचं काम?" मी धडाधड संप्रेरकांची नावं सांगितली. "आणि काढून टाकलं तर?"

"अंगाला एकदम घाम फुटतो. झोप लागत नाही. कंबर धरते, चिडचिड होते."

"छान! कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

"वाचलं नाही, सर. सुट्टीत फडावर गेल्ते, तवा आईचं बघितलं."

परीक्षक खाली बघून मार्क लिहायला लागले. बाई शेजारीच उभ्या होत्या, पण परीक्षेत त्यांना बोलायची मुभा नव्हती. त्या नुसत्याच टेबलावरच्या स्लाइडा सारख्या करत राहिल्या.

निकाल लागला तेव्हा आई गावी परतली होती. बाई पेढे घेऊन घरी आल्या. त्यांना पाहून आई बाजेवरून उठायला लागली. "बसा ताई, उठू नका," बाई म्हणाल्या. "असं कसं, पोरीच्या बाई आल्यात," म्हणत आई अर्धी उठली आणि कंबर धरून तिथंच अडकली. निवृत्तीला टेकलेल्या, पांढऱ्या केसांच्या आमच्या बाईंनी पेढ्याचा पुडा खाली ठेवला, आईच्या काखेत हात घातला आणि तिला उभं केलं. आईचा एक केस पिकला नव्हता अजून. प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी मार्क पडलेला कागद हातात धरून मी दोघींकडं बघत राहिले.